बसता येणार नाही

९ जानेवारी

अक्का,

वाकून नमस्कार केला आहे असं समजून घे. खरोखर वाकलो तर मला उठवायला दोन शिपाई बोलवावे लागतात.

फोनवर तुला हल्ली ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. संसदेच्या वाचनालयात बसून लिहितोय. सरकारने एक विधेयक आणलंय. त्याचं चौथं कलम जसंच्या तसं उतरवतो: 'कोणाही सदस्यास तीनपेक्षा अधिक कार्यकाळ सभागृहात बसता येणार नाही.' मंजूर झालं तर एक एप्रिलपासून लागू. ज्यांच्या तीन टर्म होऊन गेल्या, त्यांची जागा त्याच दिवशी रिकामी. माझी सहावी चालू आहे, अक्का. अठ्ठावीस वर्षं झाली.

विधेयक मांडणारा कोण, तर पहिल्यांदाच निवडून आलेला एक दातांचा डॉक्टर. म्हणाला, ''दात काय आणि सभासद काय, दुखण्याची वाट बघू नये.'' सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. जरा उशिरा लक्षात आलं की तो माझ्याकडे बघून बोलत होता.

तूच सांग, तीन टर्ममध्ये माणसाचं काय होतं? पहिल्या टर्ममध्ये मला इमारत कळली. दुसरीत नियम कळले. तिसरीत कोणाला काय विचारायचं ते कळलं, चौथीत काय विचारायचं नाही ते कळलं. पाचवीत तब्येत बिघडली. आता कुठे कामाला लागणार होतो.

माझं भाषण मार्चमध्ये आहे. त्याआधी आपल्या गावातून या विधेयकाच्या विरोधात निदान दोनशे पत्रं आली पाहिजेत. लोकांचं माझ्यावर किती प्रेम आहे ते मी तुला सांगायला नको. फक्त त्यांना आठवण करून दे.

तुझा
धाकटा


२१ जानेवारी

धाकट्या,

चार दिवस पायपीट केली. पत्रं मिळाली अकरा. त्यातली पाच तुंबलेल्या गटाराबद्दल आहेत, तीन भटक्या कुत्र्यांबद्दल, आणि दोन एकाच भिंतीबद्दल, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. विधेयकाला विरोध करणारं एकच आहे. ते बोर्ड रंगवणाऱ्याचं. त्याचं म्हणणं, अठ्ठावीस वर्षांत तुझ्या नावावर त्याचा हात बसलाय, आता नवी अक्षरं वळणार नाहीत. सगळी पाकिटात घातली आहेत.

न्हाव्याकडे गेले होते. तो म्हणाला, ''बाईंचे भाऊ? ते अजून आहेत?'' मी म्हटलं, आहे की. तर म्हणतो, ''मग बाई, आमच्या गल्लीतल्या दिव्याचं तेवढं बघा.'' मी म्हटलं, त्याला कळवते. ''त्यांना कशाला?'' म्हणाला, ''तुम्हीच बघा ना.''

म्हणून दिव्याचा अर्ज टाइप करून दिला. टायपिंगचा वर्ग बंद करून सहा वर्षं झाली, पण व्हरांड्यातली रांग काही बंद झाली नाही. खासदाराची बहीण म्हणून येतात. या आठवड्यात अडतीस जण येऊन गेले.

तुझ्या बायकोची रोपवाटिका जोरात चालू आहे. तुझ्या खोलीत सकाळचं ऊन चांगलं येतं म्हणून टोमॅटोची रोपं तिकडे हलवलीत. तुझा पलंग उभा करून भिंतीला टेकवलाय. येणार असशील तर आठ दिवस आधी कळव, रोपं एकदम हलवली की माना टाकतात. ती कशी आहे असं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते: बरी आहे. एवढंच लिहा म्हणाली.

भाषण आटोपशीर कर.

अक्का


१२ मार्च

अक्का,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. आधी शपथ घे, मग पुढे वाच.

परवा माझं भाषण झालं. बेचाळीस मिनिटं. अठ्ठावीस वर्षांत असं बोललो नव्हतो. अनुभव म्हणजे काय, तो दुकानात मिळत नाही, विमान चालवणाऱ्याला आपण तिसऱ्या फेरीनंतर उतरवतो का, सगळं आलं. दोन बाकं मागे बसलेल्या बाईंनी डोळे पुसले. विधेयकाच्या बाजूचे सहा जण फुटून आमच्याकडे आले. आम्ही जिंकलोच होतो.

मग मतदान. आमच्या बाकावर दोन बटणं असतात, हिरवं आणि लाल. कोणतं दाबायचं ते प्रतोद खुणेने सांगतात. प्रतोद म्हणजे पक्षाच्या लोकांना हाकणारा माणूस, आमच्या शाळेतल्या मॉनिटरसारखा. त्यांनी मान हलवली की हिरवं. अठ्ठावीस वर्षं मी त्या मानेकडे बघत आलोय. परवा त्यांना त्या घडीला शिंक आली. मान हलली. माझं बोट आपलं आपणच गेलं.

फळ्यावर आकडे आले. बाजूने दोनशे सहा, विरोधात दोनशे पाच.

अक्का, मी तोंड उघडून म्हणणार होतो की चूक झाली. पण तेवढ्यात तो दातांचा डॉक्टर धावत आला आणि माझ्या गळ्यात पडला. रडत होता. ''आधी विरोधी बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडलीत,'' म्हणाला, ''आणि मग स्वतःच्याच खुर्चीवर पाणी सोडलंत!'' सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सभापती चष्मा पुसत होते. अशा वेळी माणसाने काय म्हणायचं? माफ करा, शिंक आली होती?

आज सगळ्या वर्तमानपत्रांत माझा फोटो आहे. मी त्यात फार उदात्त दिसतोय. खरं तर दम लागला होता.

एक एप्रिलला माझी जागा जाणार. काय करू ते कळव.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

पत्र फाडलं. आता तूही हे फाड.

इकडे काय चाललंय त्याची तुला कल्पना नाही. शाळेला अर्धी सुट्टी दिली. चौकात तुझा फोटो लावलाय आणि त्याखाली बोर्डवाल्याने 'त्यागमूर्ती' लिहिलंय. अक्षरं छान आली आहेत, म्हणजे त्याचा हात वळतो. आणि आता एक अर्ज फिरतोय. तीन हजार चारशे सह्या झाल्या. मागणी अशी की, कायदा उत्तम आहे, पण अशा माणसाला तो लागू करू नये.

मी न्हाव्याला विचारलं, अरे, जानेवारीत तुला तो आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तर मला समजावून सांगतो, ''बाई, मर्यादा कोणाला? खुर्चीला चिकटून बसतात त्यांना. जो सोडायला तयार आहे, त्याने कशाला सोडायची?'' मी दोन दिवस विचार करतेय, यात चूक नेमकी कुठे आहे. सापडत नाही.

शिंकेचं म्हणशील तर मला नवल वाटलं नाही. पाचवीपर्यंत तुझ्या उजव्या पायात डावा बूट असायचा, आणि तो काढून नीट घालणारी मी होते.

आता माझंही एक ऐक. सांगणार नव्हते, पण तू इतकं मोकळं लिहिलंस, तर आपण लपवून ठेवणं बरं दिसत नाही. फेब्रुवारीत त्या दातांच्या डॉक्टरला विधेयकाच्या बाजूने एक पत्र गेलं होतं. ते मी लिहिलं. स्वतः टाइप केलं, कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. तू वाईट खासदार आहेस असं नाही. कसा आहेस ते मला ठाऊकच नाही, कारण इथली कामं सगळी इथेच होतात. मला एवढंच वाटलं की आता तू घरी यावंस.

काय करू असं विचारलंस. सामान बांध. रोपं हलवायला सुरुवात करू का?

अक्का


१८ एप्रिल

अक्का,

तू? कार्बन कॉपीसकट?

महिनाभर राग धरून होतो, म्हणून लिहिलं नाही. आता निवळलाय. निवळण्याचं कारण म्हणजे मी अजून खासदार आहे.

झालं असं. एकतीस मार्चला आम्ही चौसष्ट जण, म्हणजे तीन टर्म उलटून गेलेले, निरोपाच्या चहाला जमलो होतो. एका जुन्या वकील सभासदाने सहज चौथं कलम पुन्हा वाचलं. 'सभागृहात बसता येणार नाही.' त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, ''बसता येणार नाही. उभं राहायला कोणी मनाई केलीय?''

सभापतींनी दोन तास विचार केला आणि निर्णय दिला: कायदा शब्दाने चालतो. जो बसत नाही, त्याची जागा जात नाही. एक एप्रिलपासून आम्ही उभे आहोत, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा.

पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी एक जण खांबाला टेकला, तर तक्रार झाली की टेकणं म्हणजे अर्धं बसणं. 'बसणे' म्हणजे काय हे ठरवायला उपसमिती नेमली. तीत एक हाडांचा डॉक्टर, एक सुतार आणि एक भाषातज्ज्ञ. सुतार म्हणाला, खुर्ची लागते. डॉक्टर म्हणाले, खुर्ची नको, गुडघ्याचा कोन बघा. भाषातज्ज्ञांनी सगळा घोळ घातला. म्हणाले, ''आपल्या भाषेत धूळ बसते, विश्वास बसतो, धक्का बसतो. बसायला गुडघा लागतोच असं नाही.'' ते ऐकताच एका सभासदाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, की यांचा घसा बसलाय. बिचाऱ्याची पाचवी टर्म. जागा गेली. त्याला विरोधही नोंदवता येईना, आवाजच फुटत नव्हता.

आता खरी गंमत ऐक. मागच्या सोमवारी पहिल्या टर्मच्या एका पोराच्या डोक्यात प्रकाश पडला, की बसल्यानेच टर्म मोजली जात असेल, तर आपण बसायचंच कशाला? तोही उठला. त्याला बघून दुसरा उठला. दुपारपर्यंत उरलेले सगळे, चारशेच्या वर जण, उभे होते, तो दातांचा डॉक्टरसुद्धा. त्याला विचारलं, तर म्हणाला, ''कायद्याचा मान राखतोय.'' खुर्च्या अडचण करायला लागल्या म्हणून बाहेरच्या लांब व्हरांड्यात रचून ठेवल्यात. कामकाजाच्या कागदावर 'बैठक' छापलेलं असतं, ते शिपाई खोडून 'उठक' लिहितात. कोणाचीच टर्म मोजली जात नाही. म्हणजे कोणीच कधी जायचं नाही. अक्का, माझ्या त्या एका मताने काय करून ठेवलंय बघ.

पाय सुजलेत. घोट्याच्या जागी घोटा सापडत नाही. पण तत्त्वासाठी उभा आहे. रोपं राहू दे तिथेच.

धाकटा

ता. क. चौसष्टापैकी अठ्ठावन्न उरलो आहोत. घसा बसलेला तो गेला, एक जण डुलकी लागून बसला, बाकीचे इस्पितळात आहेत. आडवं होणं बसण्यात मोडतं का, यावर उपसमितीचं काम चालू आहे.


२ मे

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा तुझ्या पायांची काळजी वाटली. तिसऱ्यांदा बायकोबद्दल काही लिहिलंस का, ते शोधलं.

तुला सांगू नका म्हणून तिने मला बजावलं होतं. मी आज ऐकत नाही. तसंही मला कमीच ऐकू येतं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डिसेंबरपासून. कलम बांधताना अंगठा कापून घेतला, तेव्हा मला संशय आला. फेब्रुवारीत तण उपटायला बसली आणि दोनशे मिरचीची रोपं उपटून तणाला पाणी घालून उठली. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा डोळा करू, फार थांबू नका. वीस मेची तारीख मिळालीय.

तिने तुला पंधरा मार्चला पत्र लिहिलं होतं. मी टाइप करून देते म्हटलं, तर नको म्हणाली, हाताने लिहिलं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. मी मुद्दाम वाचलं नाही, तिनेच वाचून दाखवलं. फार काही नव्हतं त्यात. ऑपरेशनचं लिहिलं होतं, नंतर चार तास मान न हलवता पडून राहावं लागतं ते लिहिलं होतं. शेवटी, 'शेजारी बसायला याल का, असं विचारायचं होतं.'

तुझ्या कचेरीतून आलेलं उत्तर खाली उतरवून देते. माझ्याकडून एकही अक्षर चुकलेलं नाही, दोनदा ताडून पाहिलंय.

'आपले पत्र मिळाले. आपली मागणी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. मतदारसंघातील प्रत्येक नागरिकाशी सन्माननीय सदस्यांचे घराचे नाते आहे.' खाली तुझी सही. रबरी शिक्क्याची.

मी ते फाडायला निघाले होते. तिने फाडू दिलं नाही. ''राहू द्या,'' म्हणाली, ''अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच इतक्या लवकर उत्तर आलंय.'' आणि हसली. मला हसू आलं नाही.

मी बसेनच तिच्याजवळ. माझी काही अडचण नाही. पण पत्र तिने मला लिहिलं नव्हतं.

अक्का


९ मे

अक्का,

तुझं पत्र मला सभागृहात मिळालं. शिपायाने उभ्या उभ्या दिलं, मी उभ्या उभ्या वाचलं. समोर मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचं उत्तर चालू होतं. ती ओळ मी कितीदा वाचली ते सांगता येणार नाही. संसदेत चारशे माणसं उभी, आणि माझ्या बायकोला शेजारी बसायला एक माणूस हवा होता.

मी बाहेर गेलो. व्हरांड्यात खुर्च्या छताला लागल्या होत्या. माझ्या खुर्चीचा नंबर एकशे सतरा, ती अगदी तळाशी. वरच्या नऊ खुर्च्या उतरवाव्या लागल्या. शिपाई म्हणाला, ''साहेब, मला सांगा ना.'' मी म्हटलं, नको, माझी आहे. उचलून दारापर्यंत आणली. वजनाला इतकी असेल असं वाटलं नव्हतं, कधी उचललीच नव्हती. दारात प्रतोद आडवे आले.

''हे काय?''

''बसतोय.''

''अहो, जागा जाईल! पोटनिवडणूक लागेल! पक्षाचा तरी विचार करा!''

मी म्हटलं, ''सरका जरा, पायावर येईल.''

नेहमीच्या जागी नेऊन ठेवली. मत्स्यव्यवसाय मंत्री बोलायचे थांबले. भाषण करावंसं वाटलं नाही, अक्का. बसलो. पाठ टेकली. सभापतींनी घंटा वाजवली आणि जाहीर केलं की एकशे सतरा नंबरची जागा रिकामी झाली. मी तर तिच्यावर होतो!

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं म्हणजे माझ्या पायांकडे. मग ती मागच्या बाकावरची बाई, माझ्या भाषणाला डोळे पुसणारी, सात टर्मची, हळूहळू माझ्याजवळ आली. म्हणाली, ''जरा सरकता का?'' मी सरकलो. ती उरलेल्या अर्ध्या खुर्चीवर बसली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की तो इतिवृत्तात कसा लिहायचा ते लघुलेखकाला कळेना. सभापतींनी पुन्हा घंटा वाजवली. त्यानंतर व्हरांड्यात झुंबड उडाली. संध्याकाळपर्यंत जुन्यांपैकी एक्केचाळीस जण बसले, म्हणजे गेले. जाताना एकमेकांना मिठ्या मारत होते, परीक्षा संपल्यासारख्या.

दातांचा डॉक्टर अजून उभा आहे. पहिल्या टर्मचे सगळेच उभे आहेत. मी निघताना त्याला खुर्ची देऊ केली. म्हणाला, ''मला अजून खूप काम करायचंय.''

कचेरीत जाऊन रबरी शिक्का मागून घेतला. हे पत्र हाताने लिहिलंय, सहीसुद्धा हाताची आहे. थोडी वेगळी दिसेल, सवय राहिलेली नाही.

सतरा तारखेच्या गाडीने येतोय. आठ दिवस आधी कळवतोय. तिला सांग. नाही, थांब, तिला मीच लिहितो.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

तू घरी आलास आणि मी नाही. रागावू नकोस. लेकीकडे आलेय. ती नऊ वर्षं बोलावतेय. दर वेळी मी म्हणायची, व्हरांड्यात माणसं थांबलीत.

तू यायच्या आधी चार जण आले होते. पोटनिवडणुकीला तुम्हीच उभ्या राहा, म्हणाले. न्हावी, बोर्डवाला, औषधांचा दुकानदार आणि एक बाई, तिला मी ओळखत नाही. ''बाई, नाहीतरी तुम्हीच करत होतात.'' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझी मर्यादा सगळ्यांनी मोजली, माझी कोणी मोजली? मलाही अठ्ठावीस वर्षं झाली, आणि मला तर कोणी निवडूनही दिलेलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, नाही. हा शब्द तोंडातून काढायला मला वेळ लागला. न्हावी म्हणाला, ''मग दिव्याचं?'' मी म्हटलं, माझा भाऊ येतोय, रिकामा आहे, त्याला धरा.

उद्या ऑपरेशन. तिच्यासोबत मी थांबले असते तर तू दारात घुटमळत राहिला असतास आणि मीच सगळं केलं असतं. मला मी ठाऊक आहे. म्हणून गाडीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली. लेकीने मला दोन दिवसांत एकदाही काही टाइप करायला सांगितलेलं नाही. हात मोकळे मोकळे वाटतात, कुठे ठेवावे ते कळत नाही.

नळाच्या तक्रारी खिडकी नंबर सहाला जातात, चारला नाही. चारवर नळाची पाटी आहे, ती चुकीची आहे.

तिचं कसं झालं ते लगेच कळव.

अक्का


२४ मे

अक्का,

ऑपरेशन व्यवस्थित झालं. चार तास शेजारी बसलो. ती मान न हलवता पडून होती. तासाभराने म्हणाली, ''काहीतरी बोला की. संसदेत तर बोलायचात म्हणे.'' मी म्हटलं, बेचाळीस मिनिटांचं एक आहे. म्हणाली, होऊ द्या. मी अख्खं भाषण म्हटलं. अनुभव, विमान, सगळं. ऐकून म्हणाली, ''चांगलं आहे. मी असते तर तुमच्या बाजूने मत दिलं असतं.'' मी म्हटलं, मीही देणार होतो.

व्हरांड्यात सकाळी आठपासून रांग असते. पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ नळाचा अर्ज घेऊन आले. त्यांच्याबरोबर गेलो आणि चार नंबरच्या खिडकीपुढे सव्वा तास उभा राहिलो. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. खिडकीतला कारकून म्हणाला, ''बाईंनी पाठवलंय का? मग सहाला जा.'' मी म्हटलं, मी इथला खासदार होतो. तो म्हणाला, ''असं होय? कधी?''

न्हाव्याच्या गल्लीतला दिवा लागला. मी काही केलं नव्हतं, तुझा जानेवारीतला अर्ज मंजूर झाला होता. पण न्हाव्याने माझी फुकट दाढी केली आणि मी ती करून घेतली, हे तुला सांगून ठेवतो. परवा तो म्हणत होता, पोटनिवडणुकीला परत उभे राहा, शिंक काही दर वेळी येत नाही. तू म्हणे त्याला सांगितलंस. सांगितलंस का, अक्का?

पोटनिवडणुकीला सिटी बसची एक कंडक्टर बाई उभी आहे. घरी आली होती. मी विचारलं, तिथे सगळे उभे असतात, झेपेल का? म्हणाली, ''बावीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडली. निवडून आले तर मी पहिल्या दिवशी बसणार, मग टर्म मोजा नाहीतर काहीही करा.'' माझं मत तिला. बटण नीट बघून दाबेन.

काल डोळ्याची पट्टी काढली. डॉक्टर तिला म्हणाले, सावकाश उघडा. तिने उघडला, आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, काही दिसत नाही की काय.

''तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?'' म्हणाली.

मी म्हटलं, ''पाचव्या टर्ममध्ये असेन बहुधा. मी तेव्हा इथे नव्हतो.''

ती हसली नाही. म्हणाली, ''दारापर्यंत जा आणि तिथून या. मला नीट बघू दे.''

मी दारापर्यंत गेलो आणि आलो. नर्स बघत होती, मला जरा लाज वाटली. ''परत,'' म्हणाली.

अक्का, मी चार वेळा आलो.

धाकटा